नाकरावांचा कोट

घर बघायला गेलो तेव्हा आमच्या होऊ घातलेल्या घरमालकांनी पगाराचे कागद मागितले नाहीत. त्यांनी आम्हाला हुंगलं. आधी मला, मग अनघाला, म्हणजे माझ्या बायकोला. तेही अगदी सभ्यपणे, हात पाठीमागे बांधून, मान जराशी पुढे काढून. मग म्हणाले, की मी आज सकाळी नेहमीचा साबण वापरलेला नाही आणि बाईंच्या पिशवीत काहीतरी तळलेलं आहे. साबण खरोखरच हॉटेलातला होता. पिशवीत शंकरपाळे होते. त्यांनी एक खाल्ला, दुसरा खिशात टाकला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. आमच्याआधी दोन जोडपी जाडजूड फायली घेऊन येऊन गेली होती, त्यांना का नाही दिलं असं मी नंतर एकदा विचारलं. त्यातल्या एकाला भीतीचा वास येत होता, असं उत्तर मिळालं.

जिना उतरता उतरता अनघाने त्यांचं नाव नाकराव ठेवून टाकलं. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते पाटीवरच राहिलं.

गाव जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या टाउनुस डोंगराच्या उतारावर. एश्बॉर्नच्या ऑफिसातून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, यायचं आणि पुढे बस पकडायची. बस चुकली तर चालायचं आणि चालताना नशिबाला बोल लावायचा. खाली नाकराव, वर आम्ही, सगळ्यात खाली तळघर. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी शेजारच्याच गावात दिलेली, म्हणजे तिने स्वतःच स्वतःला दिलेली, आणि जावयाबद्दल नाकरावांना कुणी विचारलं नव्हतं हे ते विसरले नव्हते.

आयुष्यभर त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं. अर्ध्या गावाच्या नाकावर त्यांनी विकलेले चष्मे होते. निवृत्त झाल्यावर मात्र सांगत सुटले, की डोळा हा माणसाचा सगळ्यात मूर्ख अवयव आहे. दाखवाल ते बघतो, म्हणायचे. नाकाला फसवून दाखवा.

गावाच्या वरच्या अंगाचं रान शिकारीसाठी त्यांच्याकडे होतं. इथे त्याला रेविअर म्हणतात. रेविअर सांभाळायचं म्हणजे नुसती बंदूक घेऊन हिंडायचं नसतं. जनावरं किती आहेत, कुणाच्या मक्यात डुकरं घुसली, गवत कापायच्या आधी त्यात हरणाची पाडसं लपलीत का, हे सगळं बघायचं असतं. आपल्याकडच्या पोलीसपाटलासारखं ते काम, फक्त गावकरी चार पायांचे. त्या कामाचा नाकरावांना इतका अभिमान होता की चष्म्याचा विषय कुणी काढला तरी ते दोन वाक्यांत रानडुकरावर येऊन पोचायचे.

चालायचेही जनावरासारखे. चार पायऱ्या चढायच्या, थांबायचं, कान द्यायचा, मग पुन्हा चार. हरिण एकसारख्या पावलांनी चालत नाही, तसं फक्त माणूस चालतो, म्हणून रानाला दुरून कळतं की गाढव आलं. सुरुवातीला अनघाला वाटलं ते आमचं बोलणं ऐकतात. ऐकतही असतील, पण आम्ही मराठीत भांडायचो, तेव्हा फायदा शून्य.

माझा धंदा ऐकून त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. आमची कंपनी मीटिंगच्या खोलीत छताला लावायची यंत्रं बनवते. खोलीत किती माणसं आहेत हे ती अंगाच्या उष्णतेवरून मोजतात आणि त्याप्रमाणे हीटर कमीजास्त करतात. त्यातलं माणसं मोजायचं सॉफ्टवेअर मी लिहायचो. हे मी त्यांना बागेतल्या बाकावर बसून बऱ्यापैकी ऐटीत सांगितलं.

"खोलीत कोण आहे ते कळतं त्याला?"

किती जण आहेत ते कळतं, मी म्हणालो.

"आल्झो, म्हणजे असं बघा," नाकराव म्हणाले. "रानडुकरिणीला कोण आहे ते कळतं. त्याने दुपारी काय खाल्लं ते कळतं. तो घाबरलाय का ते कळतं. आणि ती हीटरसुद्धा मागत नाही."

एवढं बोलून ते उठले आणि गुलाबांना पाणी घालायला लागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं यंत्र एका लॅपटॉपला माणूस समजून मोजत बसलं, तेव्हा मला उगाचच त्यांची आठवण झाली.

आमची खरी लढाई हिंगावरून होती. आम्ही वरणाला फोडणी दिली की तिसऱ्या मिनिटाला घंटा वाजायची. बाकी कशासाठीच ते आमची घंटा वाजवत नसत. काही सांगायचं असेल तर जिन्यात चिठ्ठी ठेवायचे. पण हिंगासाठी स्वतः यायचे, दारात उभे राहायचे आणि रानाकडे बोट दाखवून सांगायचे, की वारा पश्चिमेचा आहे, तिकडच्या झाडीत या क्षणी चार डुकरं आहेत आणि त्यांना आता कळलंय की अनघा आज काय करतेय. अनघा म्हणायची, मग त्यांनाही बोलवा. एकदा तर त्यांनी हिंगाची डबी हुंगायला मागितली, हुंगली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, हे अन्न आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

शेवटी तह झाला. ते शिकारीला जाणार असतील त्या दिवशी जिन्याच्या कठड्याला हिरवा रुमाल बांधायचे आणि आम्ही फोडणीला रजा द्यायची. उदबत्ती मात्र कायमची बंद. कपडे धुवायचं सुवासिक पाणी तळघरात आणायचं नाही, आणलं तर घर सोडायचं. हे कलम त्यांनी घराच्या नियमावलीत हाताने लिहून घातलं होतं, सायकली ठेवण्याच्या नियमाच्या खाली.

कारण तळघरात कोट होता. जाड लोकरीचा, एके काळी हिरवा असलेला. एका खुंटीवर एकटा टांगलेला, खाली ओल्या पाल्याचं घमेलं, खिशांतून देवदाराच्या डहाळ्या. एकोणीस वर्षं त्याला पाणी लागलं नव्हतं. त्यांच्या मते माणूस कितीही लपला तरी जनावर त्याला आधी हुंगतं, मग ऐकतं, आणि बघतं सगळ्यांत शेवटी. तेव्हा शिकाऱ्याने पहिल्या इंद्रियाची काळजी घ्यावी, बाकीची दुकानात मिळतात. त्या कोटाला कुजक्या पाल्याचा, ओल्या कुत्र्याचा आणि फार जुन्या चीजचा मिळून एक वास होता. आम्ही वॉशिंग मशीनकडे जाताना श्वास धरून जायचो.

रानडुकराच्या वासाबद्दल त्यांनी मला जे शिकवलं ते मी अजून विसरलेलो नाही. इकडे मॅगी म्हणजे सूपमध्ये घालायच्या मसाल्याची तपकिरी बाटली. रानडुकराला अगदी तस्साच वास येतो. पहिल्यांदा मला वाटलं फेकताहेत. मग एका रविवारी सकाळी ते मला रानात घेऊन गेले, एका ठिकाणी हात वर करून थांबले, आणि खरोखरच झाडीतून मॅगीचा वास आला. दहा मिनिटांपूर्वी गेलीत, म्हणाले, पाच, त्यांतली एक म्हातारी. पुढे चिखलात पावलं होती. मोजली तर पाच. मी पुन्हा एकदा मोजली आणि ते एवढे खूश झाले की परतताना त्यांनी मला माझ्या निळ्या जीन्सबद्दल सुद्धा माफ केलं. हरणाला निळा रंग दिव्यासारखा दिसतो म्हणे, आणि केशरी दिसतच नाही.

आता जावईबापू. सज्जन माणूस, कमी बोलायचा आणि त्याचं नेहमी काहीतरी चार्जिंगला लावलेलं असायचं. त्याच्याकडे उष्णता दाखवणारी दुर्बीण होती, उडता कॅमेरा होता, वाऱ्याची दिशा सांगणारं अॅप होतं. या दुर्बिणीत जनावर पांढरंशुभ्र दिसतं, झाडामागे असलं तरी. नाकराव तिला "ती खिडकी" म्हणायचे. खिडकीतून डुक्कर कुठे आहे ते तुला दिसेल, जावयाला सुनवायचे, पण तू कुठे आहेस ते डुकराला कालपासून माहीत आहे.

जावयाने एकदा पाऊण तास एका पांढऱ्या आकृतीवर डोळा ठेवला, ती हलेना म्हणून पोटावर सरपटत गेला, आणि तो ताज्या शेणखताचा ढीग निघाला. ही गोष्ट नाकरावांनी गावात इतक्यांदा सांगितली की शेवटी शेणखतवाला शेतकरी कंटाळला. पण दुसरी एक गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नाही, ती मी सांगतो. गवत कापायच्या आदल्या सकाळी नाकराव शेतकऱ्याच्या कुत्र्याला घेऊन अख्खं कुरण दोनदा चालून आले आणि म्हणाले, पाडस नाही. नवजात पाडसाला वास जवळजवळ नसतो, तीच त्याची ढाल. जावयाने कॅमेरा उडवला आणि तीन पांढरे ठिपके दाखवले. तिसरं पाडस नाकरावांच्या बुटाच्या ठशापासून वीतभर अंतरावर होतं. जावयाने हातांना गवत चोळून ते उचललं, कडेच्या झुडपात ठेवलं आणि सासऱ्यांना एक शब्द बोलला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं तो काय चीज आहे ते.

त्या वर्षीच्या शरदात नाकरावांच्या वाढदिवसाला आम्हीही जेवायला होतो. जेवण झाल्यावर मुलीने हळूच विषय काढला, की आता वय झालं, रेविअर यांच्या हाती द्या. नाकरावांनी चाकू खाली ठेवला. बंदुकीच्या कपाटाची किल्ली ते गळ्यात दोऱ्याने बांधून ठेवत. ती बाहेर काढली आणि जावयाच्या नाकासमोर धरली.

"ज्या दिवशी माझं नाक मला सोडून जाईल," ते म्हणाले, "त्या दिवशी ही मी स्वतः तुझ्या हातात ठेवीन. मागायची गरज पडणार नाही."

साक्षीदार म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तोंडात बटाटा असल्यामुळे नुसती मान डोलावली.

जानेवारीत त्यांना सर्दीताप झाला. आठवडाभर पडून होते, अनघाने सूप नेऊन दिलं. आणि त्यानंतर चमत्कार झाला. हिंगाची तक्रार बंद. आम्ही वरणाला फोडणी दिली, घंटा नाही. सांबार केलं, घंटा नाही. एकदा मिरच्यांचा ठसका असा उठला की आम्हीच खिडक्या उघडल्या, तरी घंटा नाही. अनघाने जाहीर केलं, की आपलं इंटिग्रेशन पूर्ण झालं. इथल्या लोकांत मिसळायचा सरकारी कोर्स करून जे झालं नाही ते एका सुपाने झालं. मीही ऑफिसात सांगत सुटलो, की माणसं बदलतात, वेळ द्यावा लागतो.

फेब्रुवारीत तर ते स्वतःच उदबत्तीची राख मागायला आले. वारा बघायला ते चिमटीतून पीठ सोडायचे, राख त्याहून हलकी, तरंगते छान. मी म्हणालो, हिला मोगऱ्याचा वास आहे. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, थोडासा, हो, पण चालेल. त्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला कॉफीत नासलेलं दूध घातलं. अनघा तो इकडचा काहीतरी खास प्रकार असेल समजून प्यायली. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी सेन्सरवर पोट भरणारा माणूस.

मे महिन्यात माझी आई पुण्याहून आली. आईला परदेशात दोन गोष्टी सहन होत नाहीत, रिकामे हात आणि दुसऱ्याचे मळके कपडे. नाकराव तीन दिवस बहिणीकडे गेले होते. आई मशीन लावायला तळघरात उतरली आणि तिची कोटाशी गाठ पडली.

पुढचं मला नंतर कळलं. आईला वाटलं, एकट्या म्हाताऱ्या माणसाचं करणार कोण. तिने तो कोट वर आणला, न्हाणीच्या टबात कोमट पाण्यात भिजवला आणि आमच्या कपाटातलं लॅव्हेंडरचं पाणी अर्धी बाटली ओतलं. चार पाण्यांपर्यंत काळं निघत होतं. गच्चीत उन्हात पालथा घालून दोन दिवस वाळवला, पाल्याचं घमेलं बागेत रिकामं केलं, खिशातल्या डहाळ्या कचऱ्यात टाकल्या, आणि कोट पुन्हा खुंटीला लावला. आम्ही ऑफिसात. तिने आम्हाला सांगितलं नाही, कारण केलेले उपकार बोलून दाखवू नयेत असं ती मानते.

नाकराव परतले त्याच संध्याकाळी त्यांनी रुमाल बांधला. नराच्या शिकारीचा हंगाम होता. इकडे रेह नावाचं शेळीएवढं हरिण असतं, त्याच्या एका म्हाताऱ्या नरावर त्यांचा आणि जावयाचा दोघांचाही डोळा होता. पैज अशी ठरली, की मोकळवनाच्या, म्हणजे रानातल्या उघड्या गवताळ पट्ट्याच्या, एका टोकाच्या मचाणावर जावई खिडकी घेऊन बसेल, दुसऱ्या टोकाच्या मचाणावर नाकराव नाक घेऊन. साक्षीदार मी. पैज खरं तर हरणाची नव्हतीच, गळ्यातल्या किल्लीची होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. निघताना आई दारात उभी राहून गूढ हसली आणि म्हणाली, "त्यांच्या कोटाकडे बघ हं जरा."

बघायची गरज पडली नाही. गाडीचं दार लावल्याबरोबर लॅव्हेंडरचा असा भपका आला की मला शिंक आली. तो आमच्या बाटलीचा वास होता. मी पुढे बघत बसलो आणि मनातल्या मनात सामान बांधायला लागलो. घर सोडायचं कलम, सायकलींच्या खाली. पण नाकराव शांतपणे गाडी चालवत होते आणि डुकरांबद्दल बोलत होते. मला वाटलं, केवढं मोठं मन. आईचा मान राखताहेत.

मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी पेटी, दीड माणूस मावेल एवढी. आम्ही दोघं कोंबून बसलो. त्यांनी मोगऱ्याची राख सोडली, ती आमच्याकडेच तरंगत आली. वारा चांगला होता. जूनला टेकलेली संध्याकाळ, साडेआठलासुद्धा स्वच्छ उजेड. समोर चारेकशे पावलांवर जावयाचं मचाण दिसत होतं. मग सूर्य कड्यामागे गेला आणि हवा गार होऊन उताराने खाली सरकायला लागली, आमच्या पाठीकडून मोकळवनाकडे. बरोबर त्याच वेळी नर बाहेर आला.

मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. चार पावलं, थांबणं, कान. पुन्हा चार पावलं. जिन्यातले नाकरावच. त्यांनी बंदूक हळूच उचलली. नराने मान वर केली, नाक आमच्या दिशेला वळवलं, एकदा भुंकल्यासारखा आवाज केला आणि दोन उड्यांत झाडीत गेला. आतून बराच वेळ भुंकत राहिला, सगळ्या रानाला बातमी देत.

"हिंग," नाकराव कुजबुजले. "तुम्ही हिंग खाऊन आलात."

मी नाही म्हणालो. रुमाल होता, ब्रेड खाल्ला होता.

त्यांनी माझी बाही ओढून नाकाला लावली. मग स्वतःची. खूप वेळ तशीच धरून बसले, डोळे मिटून, जोरात श्वास घेत. आणि मग मला कळलं. जानेवारीपासूनचं सगळं एकदम कळलं. इंटिग्रेशन, राख, दूध.

"माझ्या अंगाला कसला वास येतोय?" त्यांनी विचारलं.

"लॅव्हेंडरचा."

"कधीपासून?"

"गाडीत बसलो तेव्हापासून."

मी आईचं सगळं सांगून टाकलं. ओरडतील म्हणून वाट बघितली. त्यांनी बंदुकीतल्या गोळ्या काढून खिशात ठेवल्या आणि हात गळ्याकडे नेला, दोऱ्याकडे. तापानंतर काहीच येत नाही, म्हणाले. डॉक्टर म्हणतो परत येईल, किंवा नाही येणार. मुलीला सांगितलेलं नाही. तीन वर्षं ते मला तुम्ही म्हणत आले होते, त्या पेटीत पहिल्यांदा तू म्हणाले.

"तुझा तो हिंग. तीन वर्षं मी त्याच्या नावाने ओरडलो. आता जिन्यात येतो आणि काहीच नसतं. माझ्याच घरात कुणी राहत नाही असं वाटतं."

मला फार वाईट वाटलं. समोरच्या मचाणावरून जावई उतरताना दिसत होता. हा वास त्याला दहा पावलांवरून आला असता, आणि दिलेला शब्द मोडणारे नाकराव नव्हते.

"कोट द्या," मी म्हणालो. "मला थंडी वाजतेय."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या दीड माणसाच्या पेटीत दोन माणसांनी कपडे बदलले. माझं कोपर त्यांच्या बरगडीत, त्यांचा हात माझ्या डोळ्यात, मचाण करकरतंय. माझ्या जाकिटाची चेन त्यांच्या पोटावर लागेना. मी मात्र त्या कोटात गळ्यापर्यंत बुडालो, लॅव्हेंडरच्या शेतात पुरल्यासारखा.

जावई आला आणि लांबूनच त्याने नाक मुरडलं. हा कसला वास, त्याने विचारलं.

नाकरावांनी त्यानंतर जे केलं त्याला तोड नाही. त्यांनी मला झाडलं. थंडी वाजते म्हणून या माणसाला माझा कोट दिला, आणि याच्या आईने तो फुलांच्या पाण्यात बुचकळून ठेवलेला. गाडीत पाय ठेवताच मला कळलं, पण आईच्या कष्टांचा मान म्हणून गप्प बसलो, आता भोगा. त्या नरालाच काय, आज पार फ्रँकफुर्टपर्यंत वास गेला असेल. मी मान खाली घालून माफी मागितली. जावई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, पैज रद्द, साक्षीदाराने बिघडवली. त्यानंतर मी त्या गावात "लॅव्हेंडरवाला भारतीय" झालो. बेकरीत, बस स्टॉपवर, सगळीकडे.

आईला मी खरं ते सगळं सांगितलं, कारण ती कोटाबद्दल खोदून खोदून विचारत राहिली. अनघाला नाही सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि आधी विचारलं, हरिण वाचलं ना? मग कोट धुतला ते चांगलंच झालं, म्हणाली. नाक गेल्याचं ऐकून मात्र ती उठली आणि लॅव्हेंडरची उरलेली बाटली कचऱ्यात टाकून आली.

महिनाभराने एका रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. उकडत होतं, म्हणून चूल पेटवलीच नव्हती. ब्रेड, चीज, काकडी. खाली मुलगी आणि जावई आले होते. बोलण्याचे आवाज येत होते, मग मुलीचा आवाज जरा चढला, आणि मग जिन्यात पावलं वाजली. चार पायऱ्या, थांबणं, चार पायऱ्या. घंटा वाजली.

दारात नाकराव, आणि त्यांच्या मागे जावई. नाकरावांनी रानाकडे बोट दाखवलं. "हिंग," ते गरजले. "पश्चिमेचा वारा आहे. खाली बसवत नाही मला. डुकरं आता पार बव्हेरियात पोचली असतील."

आतून अनघा म्हणाली, "अरे, आपण तर आज..." मी जोरात खोकलो.

"माफ करा," मी म्हणालो. "फोडणी जरा जास्तच झाली."

नाकराव माझ्याकडे बघत होते. जावयाने मागून मान पुढे काढली, आमच्या ब्रेड-काकडीच्या घरात दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. आज फारच आहे."

नाकरावांनी विजयाने मान हलवली आणि उतरायला लागले. जावई एक पायरी मागे थांबला. हळू आवाजात म्हणाला, त्या संध्याकाळी मी खिडकीतून तुमच्याकडेच बघत होतो. कोट काढला की माणूस पडद्यावर एकदम पांढरा होतो. आधी ते पांढरे झाले. मग तुम्ही.

तो खांदे उडवून म्हणाला, किल्ली कुठे पळून जात नाही. आणि सासऱ्यांच्या मागे निघाला, तोही चार पायऱ्या उतरून, थांबून, जसे ते थांबत होते तसा.

मी दार लावलं. आईने विचारलं, काय म्हणत होते? मी सांगितलं. ती पानावरून उठली. पळी शेगडीवर ठेवली, तेल घातलं, मोहरी तडतडू दिली आणि हिंगाच्या डबीतून दोन मोठ्या चिमटी टाकल्या.

"अहो आई, आपण ब्रेड खातोय," अनघा म्हणाली. "फोडणी घालणार कशावर?"

"कशावरच नाही," आई म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाचा शब्द खाली पडू नये."

आणि मी लावलेलं दार तिने जिन्याच्या बाजूला सताड उघडून ठेवलं.